करून बघितलं

अर्जुना होवाळ बोलायला लागला की समोरच्याला आपलं घड्याळ बंद पडलंय की काय असं वाटायचं, इतका तो सावकाश. मूळचा कडेगावचा, आणि कुपवाडच्या एमआयडीसीत बाळासो पाटलांच्या वर्कशॉपात वीस वर्षं वेल्डर. अर्जुनानं मारलेला टाका सुटला असं कुणी म्हणालं, तर लोक म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढत.

अठ्ठ्याण्णव साली बाळासोंनी ऑफिसात कॉम्प्युटर घेतला आणि त्याला फोनची वायर जोडली. त्याच सुमारास वाईच्या अनीश नावाच्या इंजिनिअरनं सांगली-साताऱ्यातल्या साठ कारागिरांसाठी ई-मेलची एक यादी काढली. एकानं लिहिलेलं पत्र साठही जणांना जायचं. सगळे त्याला टपाल म्हणत. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. अर्जुना एका बोटानं टाइप करी, त्यामुळं एका पत्रात त्याची जेवणाची सुट्टी संपायची.

टपालाचा कायदा एकच होता. कुणी युक्ती सांगितली की दुसऱ्या कुणी ती आपल्या हातानं करायची आणि खाली लिहायचं, ‘करून बघितलं’. पुढं नाव आणि गाव. मगच ती युक्ती अनीश पक्क्या यादीत घ्यायचा. वाटेल ते ठोकून द्यायची सोय नव्हती, कारण साठातले पन्नास जण एकमेकांचे कुणी ना कुणी लागत होते. कुणी मेव्हणा, कुणी आयटीआयचा सोबती, कुणी शेजारच्या शेडमधला. आज थाप मारली की उद्या सकाळी चहाच्या गाड्यावर चारचौघांत धरलाच म्हणून समजा. दहा इन्स्पेक्टर नेमून झालं नसतं ते काम तो चहाचा गाडा करत होता.

त्यातही अर्जुनाच्या शब्दाला जास्त वजन. तो आठ-आठ दिवस घ्यायचा आणि मग लिहायचा, ‘दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. करून बघितलं.’

नव्याण्णवच्या मार्चमध्ये त्याची बायको शेवंता काविळीनं गेली. सगळं नऊ दिवसांत आटोपलं. अर्जुना रडला नाही. पाचव्या दिवशी कामावर आला, हेल्मेट चढवलं आणि उभा राहिला. मुलगी दीक्षा विचारायची, “आबा, जेवलासा का?” आणि त्याला ते खरंच आठवायचं नाही. दुःख होतंय म्हणावं तर तेही होत नव्हतं. आतून नुसता लाकडाचा ओंडका झाला होता.

त्याच महिन्यात टपालावर बिराप्पाची युक्ती आली. बिराप्पा जतचा, शेजारच्याच शेडमध्ये कामाला. शेवंता दवाखान्यात होती तेव्हा नऊही दिवस डबा त्याच्याच घरून यायचा. युक्ती अशी, की पेट्रोलची टाकी गळत असेल तर सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुवायची, दिवसभर उन्हात वाळवायची आणि मग खुशाल वेल्डिंग करायचं. आठवडा झाला तरी खाली कुणाचं नाव येईना. चहाच्या गाड्यावर बिराप्पा म्हणाला, “गड्या, माझं पत्र तसंच पडलंय. तू लिव की.”

दुपारी अर्जुनानं लिहिलं, ‘करून बघितलं. अर्जुना होवाळ, कुपवाड.’ टाकीला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. ज्यानं डबे आणले त्याला नाही कसं म्हणायचं, एवढा एक विचार आला आणि गेला.

मेमध्ये महाबळेश्वरचा टॅक्सीवाला मधु ढेबे, टपालातलाच एक, आपल्या गाडीची टाकी जोडायला बसला आणि टाकी फुटली. तोंड भाजलं, उजवा डोळा गेला. टपालावर पत्रांमागून पत्रं आली आणि सगळ्यांचा निकाल एकच. अर्जुनानं केलंय म्हणजे युक्ती खरी. सीझनच्या गर्दीत पैशाच्या मागं लागून मधुनं घाई केली, टाकी नीट धुतलीच नसेल.

अर्जुनानं सगळं वाचलं. त्याला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचीच त्याला भीती वाटली.

दोन दिवसांनी मधुच्या मुलीचं, ओवीचं पत्र आलं, साताऱ्याहून. ‘बाबा दवाखान्यातून सांगतात तसं लिहिते. माझंच चुकलं असंल. ओवीची आई बी म्हनती, घाई केली. होवाळ नाना केल्याबिगर लिवत न्हाईत. फकस्त माझं कुठं चुकलं तेवढं नानांनी सांगावं.’

अर्जुना उठून बिराप्पाकडं गेला. म्हणाला, “मी ती टाकी केली न्हवती रं.”

बिराप्पाचा चेहरा उतरला. “आन मी तरी कुटं केलती? जतच्या पावण्यानं सांगितलं, ते लिवलं. तू लिवलंस तवा मला वाटलं, खरंच जमतंय.” मग इकडंतिकडं बघून म्हणाला, “आता गप ऱ्हा. डोळा माघारी येनार हाय का? तुजं नाव तेवढं जाईल.”

ते खरंच होतं. नावाशिवाय अर्जुनाजवळ दुसरं होतं काय? तो गप्प राहिला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. त्यानं ऑफिसात जाऊन एका बोटानं टाइप केलं, ‘टाकी मी करून बघितली नव्हती. मधुची चूक नाही. अर्जुना होवाळ, कुपवाड.’ बिराप्पाचं नाव घातलं नाही. मग बाळासोंकडून रजा घेतली आणि साताऱ्याची एसटी धरली.

मधुच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. उशाशी ओवी बसली होती. अर्जुनानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मधु शिव्या देईल, द्याव्यातच, असं त्याला वाटत होतं. निदान त्या तरी कुठंतरी लागल्या असत्या.

 मधुनं चाचपत मुलीचा हात धरला.

“ओवे, ऐकलंस न्हवं?” त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “आईला फोन लाव. सांग तिला, बाबानं घाई न्हवती केली म्हनावं.”