पाठमोऱ्या शीलाताई

मी मेथी निवडत बसले होते आणि प्रशांतचा नागपूरहून फोन आला. "मावशी, आई गेली ना..." तो म्हणाला. तब्येत बिघडली म्हणून नुकतंच त्याने शीलाताईंना आपल्याकडे नेलं होतं. मला काही सुचायच्या आत त्यानेच विचारलं, "तुमच्याजवळ आईचा एखादा फोटो हाय का? समोरून काढलेला आमच्याकडं एकबी नाई." माझ्याकडेही नव्हता. का नव्हता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वर्ध्यात सावंगीच्या रस्त्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून. आमचं वह्या-पेनांचं दुकान, ताई निवृत्त नर्स. आवाज असा, की गल्लीतली पोरं इंजेक्शनपेक्षा त्यालाच घाबरत. आणि फोटोची हौस तर विचारू नका! कुणाचंही लग्न असो, नवरीच्या शेजारची जागा त्यांचीच. "थांब रे, मले पदर नीट करू दे," म्हणत फोटोग्राफरला ताटकळत ठेवायच्या. मी चिडवायचे, "ताई, नेमकी नवरी कोण हाय?" त्यावर त्या आणखी पुढे सरकून उभ्या राहायच्या.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना कुणीतरी त्यांचा फोटो काढला. पांढरी साडी, जोडलेले हात, नजर वर मूर्तीकडे. इतका सुरेख आला, की त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुढे निवडणूक लागली आणि एका सकाळी आमच्या चौकात मोठा फलक उभा राहिला. वर हात उंचावलेले एक नेते, खाली ताई. बुद्धाची मूर्ती कापून टाकलेली. आता त्या या माणसापुढे हात जोडून उभ्या होत्या. शेजारी लिहिलं होतं, 'आमचं ठरलंय!' ज्या पक्षाला ताईंनी जन्मात मत दिलं नव्हतं, त्याचाच तो फलक.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. ताईंचा चेहरा पाहिला आणि ते विरलं. "मी त बुद्धासमोर उभी होती वं सुमन," त्या म्हणाल्या. "हे लोक मले कोणासमोर उभं करून राह्यले?" आम्ही दोघी त्या पक्षाच्या कार्यालयात गेलो. तिथला कार्यकर्ता खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "काकू, किती मस्त दिसता तुम्ही! लोकं त फोटो लावा म्हणून आमच्या मागं लागतात." आम्ही 'काढा, काढा' म्हणत राहिलो आणि तो चहा मागवत राहिला.

मग विरोधकांनी तोच फोटो उचलला. ताईंच्या तोंडावर लाल फुली मारलेला, खाली 'ओळखून ठेवा हिला' असं लिहिलेला, तो मोबाइलवर फिरू लागला. विहारातल्या बायका त्यांच्या शेजारी बसेनाशा झाल्या. खुलासा करायचा तरी कुणाकुणापुढे? एका दुपारी दोन मोटारसायकली त्यांच्या फाटकाशी थांबल्या. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. त्यावरच्या लोकांनी फक्त ताईंच्या घराचा फोटो काढला आणि ते निघून गेले. मी पडद्याआडून पाहत होते, बाहेर गेले नाही. दगड मारला असता तर निदान पोलिसांत जाता आलं असतं. घराचा फोटो काढला म्हणून काय तक्रार करणार? त्या दिवसापासून दार वाजलं की ताई आधी मला फोन करायच्या, "पाह्य बरं, कोण हाय."

निवडणूक संपली, फलक उतरले. सुटलो, असं मला वाटलं. हिवाळ्यात चतुर्थीला मी केळझरच्या गणपतीला निघाले, तेव्हा तेवढाच जिवाला विरंगुळा म्हणून ताईंनाही ऑटोत बसवलं. वाटेत पुढे कापसाचा ट्रॅक्टर होता. कापसावर जुना फ्लेक्स पांघरलेला, आपल्याकडे सगळेच पांघरतात तसा. वाऱ्याने त्याचं टोक उलटलं आणि दोन जोडलेले हात दिसले, मग अर्धा चेहरा... ताईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या ऑटोतच खाली वाकल्या. "मी अजून कुठं कुठं असन वं?" त्या पुटपुटल्या. 

त्यानंतर त्यांनी घरातले सगळे फोटो फाडले, अगदी स्वतःच्या लग्नातलासुद्धा. माझ्या मोबाइलमधले तर शेजारी बसून पुसायला लावले, प्रशांतला नि नातेवाइकांनाही फोन करून तेच करायला लावलं. कुणी मोबाइल वर केला की त्या पाठ फिरवायच्या. ज्या बाईने आयुष्यभर पुढची जागा पटकावली, ती नातीच्या वाढदिवसालाही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आहे. भीती असं कुणी लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाला प्रशांतने शेवटी त्या वाढदिवसाचाच फोटो मोठा करून इथल्या विहारात आणला. पाठमोऱ्या ताई, पांढरा अंबाडा, खांद्यावरून घेतलेला पदर. त्या पाठीसमोर लोक एकेक करून फुलं ठेवत होते. ज्या बायका शेजारी बसत नव्हत्या, त्या पहिल्या रांगेत रडत होत्या. मला त्यांचा संताप आला... पण त्याही माझ्यासारख्याच घाबरल्या असतील. वंदना सुरू झाली. सगळ्यांबरोबर मीही हात जोडले, नजर वर मूर्तीकडे नेली. तेवढ्यात कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाइल वर झाला. पुन्हा निवडणूक जवळ आली आहे. माझे जोडलेले हात सुटले आणि मी पाठ फिरवली.