हळदीकुंकवाचा पेढा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही, देवापुढेही नाही. तिथे नुसता हात जोडून उभा राहतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मध्य भारत राज्याचे दिवस. संस्थान गेलं, कचेरी राहिली, आणि कचेरीच्या खुर्चीत मी कसाबसा मावायचो. बिऱ्हाड बडा गणपतीच्या देवळाजवळ. मला पाहून लोक म्हणत, आज देव स्वतःच फिरायला निघाले वाटतं! मीही हसायचो. मग सारखी तहान लागायला लागली, पायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. नळी विटकरी झाली. साखर. वजन उतरवा, म्हणाले. दुपारपर्यंत काही नाही, दिवे लागल्यावर काही नाही. मधल्या वेळात काय ते मोजकं जेवा. पोटाला रोज एवढी सुट्टी दिलीत तर निभेल.

कमलनं, माझ्या बायकोनं, त्याचं व्रतच केलं. ती मुळातच काडी; तिला काय गरज होती? पण गणपतीपुढे सुपारी ठेवून तिनं संकल्प केला, की यांच्याबरोबर मीही पाळीन, यांना बरं वाटू दे.

आणि मी? कृष्णपुऱ्याच्या पुलापलीकडे एक हलवाई होता. दिवे लागल्यावर कचेरी सुटली की तो हाक मारायचा, "आओ बाबूजी, गरम है!" पहिल्या दिवशी फक्त कचोरी—खरंच, फक्त कचोरी. मग रबडी. मग पाकातली मावाबाटी. लवंग चघळत घरी यायचो. कमल पाण्याचा तांब्या पुढे करायची, भूक लागली का हो, विचारायची. मी म्हणायचो, सवय होतेय. तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू यायची—हे सांगायला नको होतं. पण यायची.

काही महिन्यांनी पुन्हा नळी उकळली. आधीपेक्षा गडद. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. कमलनं मान खाली घातली.

घरी येऊन ती रडली. "अहो, माझीच गलती झाली. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला जबरदस्ती पेढा भरवला, दिवे लागल्यावर. थुंकवेना मला. माझ्याकडूनच संकल्प तुटला."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं तर काम होतं. कोटाच्या खिशात लवंगा होत्या, त्या काढून दाखवल्या असत्या तरी पुरलं असतं. मी काय म्हणालो?

"जाऊ दे. यापुढे सांभाळ."

मी तिला माफ केलं! चोरून खाल्लं ते एक वेळ सोडा. पण मी मोठ्या मनानं तिला माफ केलं—आणि तसं करताना मला बरंही वाटलं.

त्यानंतर तिनं पेढा कधी तोंडाला लावला नाही. मुलीच्या लग्नातही नाही. माझ्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हाही तिनं स्वतःलाच बोल लावला. मी ऐकत पडून राहिलो.

आता ती नाही. दिवे लागल्यावर मी काही खात नाही. आता जमतं. वजन उतरलंय, साखर ताब्यात आहे, डॉक्टर खूश आहेत. संध्याकाळी दोन खोल्यांत मी एकटा असतो, आणि भूक लागली का, असं कोणी विचारत नाही.

जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात धरला होता. म्हणाली, तुम्ही त्या पेढ्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाहीत.

मी तेव्हाही बोललो नाही.