नूरुन्निसाभाभींचे गुडघे

माणूस बरा झाला की घरादाराचा त्रास कमी होतो, असं ज्याने कोणी म्हटलं असेल त्याला महिनाभर आमच्या नूरुन्निसाभाभींच्या शेजारी राहायला पाठवावं. त्या आजारी होत्या तेव्हा आमच्या मजल्यावर शांतता होती. बऱ्या झाल्या आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

पनवेलला तळ्याजवळच्या आमच्या इमारतीत त्यांच्या आणि माझ्या घराची एक भिंत सामाईक आहे. त्यांचे मिस्टर अब्दुलभाई तरुणपणी मस्कतला होते; परत येऊन त्यांनी बाजारात बॅगांचं दुकान टाकलं. मुलगा अरसलान दोह्याला, आणि घरात सून जास्मीन. मी पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी. भाभी माझ्यापेक्षा मोठ्या, त्यामुळे मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला हक्काने अगं-तुगं करतात. भांडण मात्र आम्ही बरोबरीने करतो.

साठीनंतर भाभींचे गुडघे धरले. मग कंबर. खाली बसल्या की उठवायला दोन माणसं लागायची. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या, सकाळी आणि दुपारी, भरल्या पोटी घ्यायच्या. भरल्या पोटी म्हटल्यावर रमजानचे रोजे गेले. दोन रमजान त्यांनी रोज्यांच्या बदल्यात गरिबांना जेवू घातलं आणि स्वतः दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून, चोरी केल्यासारखे, चार घास खाल्ले. नमाजसुद्धा खुर्चीवर आली.

खुर्चीवरची नमाज चालते, यात त्यांना शंका नव्हती. मौलानांनी सांगितलं होतं, अब्दुलभाईंनी सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईने सांगितलं, आणि त्यातलं ओ की ठो कळत नसताना मीही सांगितलं.

“जो उठतो तो मला सूट देतो,” त्या एकदा भडकल्या. “मी मागितली का? खुर्चीत बसायचं आणि नुसती मान झुकवायची. पासपोर्ट ऑफिसात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखं वाटतं मला.”

सजदा म्हणजे कपाळ जमिनीला टेकवणं. त्यांना हवं होतं ते एवढंच: रमजानचे सगळे रोजे आणि कपाळ जमिनीला. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी घरात किती तेलं आली असतील! कोणी वाळूची पुरचुंडी शेकायला सांगितली, कोणी कुठल्याशा हाडवैद्याचा पत्ता दिला. जास्मीनच्या माहेरून मेथीचे लाडू आले. त्याने भाभींचं वजन वाढलं, गुडघे होते तिथेच राहिले.

अशात माझी भाची कोमल पुण्याची चांगली नोकरी सोडून आली. काय करणार, तर म्हणे हॉट योगा. कामोठ्यात एका ट्यूशन क्लासच्या वरचा हॉल तिने भाड्याने घेतला, खिडक्या बंद केल्या, हीटर लावले आणि चाळीस अंशांत लोकांना वाकवायला लागली. मी तिला म्हटलं, “अगं, एप्रिलमध्ये पनवेलच्या एसटी स्टँडवर अर्धा तास उभं राहिलं की हेच फुकटात होतं.” तिला ते आवडलं नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, गळ घातली की निदान दोन बायका तरी मिळवून दे. एक मी झाले. दुसरी म्हणून भिंतीपलीकडचं माणूस उचललं.

तिसऱ्या दिवशी मला भोवळ आली. त्या हॉलमध्ये ओल्या टॉवेलांचा वास, वर तो शेकोटीसारखा तापलेला हीटर, आणि कोमल आपली गोड आवाजात सांगतेय, श्वास घ्या. कुठून घ्यायचा? मी चप्पल घातली आणि सरळ घरी आले. भाभी मात्र राहिल्या. पूर्ण बाह्यांचा कुडता, सलवार आणि दुपट्टा पिना लावून घट्ट बसवलेला, अशा अवतारात त्या घामाने निथळत असायच्या.

कोमल म्हणाली, “आंटी, दुपट्टा काढलात तरी चालेल. सगळ्या बायकाच आहेत.”

“दुपट्टा दुखत नाही बेटा, गुडघे दुखतात. त्यांचं बघ.”

शेवटी सगळ्या ओम म्हणायच्या तेव्हा भाभी पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या. त्यावरून कोणी काही बोललं नाही. मोहल्ल्यात थोडं बोललं गेलं, पण भाभींना उलट बोलायची हिंमत तिथे फार जणांत नाही.

कोमलने घाई केली नाही, हे मला तिची मावशी असूनही मान्य करावं लागतं. आधी डॉक्टरांना विचारून या म्हणाली. मग गुडघ्यांखाली उशा, भिंतीचा आधार, इतकंच वाका, आज पुरे. उबेने सांधे जरा सैल होतात आणि तेवढ्यात हळूहळू ताणायचं, असा तिचा हिशेब. महिन्या-दोन महिन्यांनी भाभी जिना कठडा न धरता चढू लागल्या. रात्री झोप लागू लागली. आणि एक दिवस कोमलने त्यांना गुडघ्यांवर बसवून पुढे वाकायला सांगितलं, तर कपाळ सतरंजीला टेकलं.

मला वाटलं, आता आनंदाने नाचतील. कसलं काय! घरी आल्या त्या तणतणतच. घरच्या लादीवर तेच करायला गेल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. “तिथे टेकतं, इथे टेकत नाही. माझे गुडघे काय कामोठ्यात राहिलेत?” हा प्रश्न त्यांनी मला आठवडाभर विचारला, जणू मीच ते तिथे ठेवून आले होते.

पण त्या चिकट. मार्च उजाडेपर्यंत घरीही जमलं. जास्मीनने भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी गेले तर भाभी मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, उभ्या, चेहरा लाल. “खाली जायला अक्कल लागत नाही,” म्हणाल्या, “मी उठले, सुनंदा! कोणाचा हात न धरता उठले!” मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मेअखेर डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. मग मी बाजारभर सांगत सुटले. भाजीवालीला सांगितलं, जुन्या ऑफिसात जाऊन सांगितलं, रिक्षावाल्यांनाही सोडलं नाही: आमच्या भाभी योगाने ठणठणीत बऱ्या झाल्या. कोमलकडे त्यामुळे चार बायका वाढल्या.

आणि जुलैत रमजान आला.

भाभींनी पहिला रोजा धरला. दोन वर्षांनी धरला, म्हणून घरात ईद असल्यासारखी गडबड. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला कामोठ्यात हजर! कोमलने दारातच अडवलं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि चाळीस अंशांत घाम गाळायचा? “आंटी, पडलात तर? मी नाही घेणार.” तिचं बरोबरच होतं. भाभींनी मग घरीच आसनं सुरू केली. पण पावसाळी दमट हवा, गार लादी. अंग मोकळं होईच ना. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात उठताना पलंगाची कड धरावी लागली. तिसरा लागेपर्यंत नमाज पुन्हा खुर्चीवर.

मला ते बघवेना. मी सरळ जाऊन सांगितलं, “भाभी, थोडे रोजे सोडा. आजारी माणसाला सूट असते ना? नंतर भरून काढा. तोवर क्लासला जा.”

“आजारी कोण आहे?”

“तुम्ही.”

“मी? सगळ्या पनवेलला तूच सांगितलंस ना, भाभी ठणठणीत झाल्या म्हणून? डॉक्टर म्हणतो बरी. गोळ्या नाहीत, काही नाही. बऱ्या माणसावर रोजा फर्ज आहे.”

“अहो, पण रोज्यामुळे योगा बंद झाला आणि म्हणून गुडघे धरले!”

“धरले. म्हणजे मी आजारी. आजारी म्हणून सूट घ्यायची. सूट घेऊन तुझ्या भाचीकडे जायचं, घाम गाळायचा, बरी व्हायचं. बरी झाले की?”

मी पायाने चपला शोधू लागले.

“बोल ना. बरी झाले की काय?”

“की रोजा,” मी म्हणाले.

“कळलं ना? आणि गुडघे मी नीट केले कशासाठी? जिने चढायला?”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी पोस्टात चाळीस वर्षं ऐकलं होतं, पण त्या दोन्हींच्या मधे असं चपलांसकट उभं राहायची पाळी आली नव्हती. मी इतकी चिडले की दार आपटून घरी आले. चिडायचं कोणावर, तेही कळेना. रोज्यावर चिडता येत नाही. कोमलवर चिडून उपयोग नाही. भाभींवर चिडावं तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

संध्याकाळपर्यंत डोकं चालवून मी एक वाट काढली. रोजा सुटला की खजूर आणि पाणी एवढंच घ्यायचं, जेवायचं नाही, रिक्षाने कामोठे, कोमल खास त्यांच्यासाठी हॉल तापवून ठेवणार, तासाभरात परत येऊन जेवण आणि मग रात्रीची नमाज. कोमल हो म्हणाली. भाभी हो म्हणाल्या. जास्मीनला विचारायचं आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तिने दुपारपासून खपून इफ्तारचं मांडलं होतं. समोसे, फळं, आणि भाभींना आवडतं म्हणून सांदण वाफवलेलं. भाभींनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, संध्याकाळची नमाज खुर्चीवर पढल्या आणि बुरख्याची बटणं लावू लागल्या.

“अम्मी, घरातलं मोठं माणूसच इफ्तारला बसणार नसेल तर मी हे मांडते कोणासाठी?” जास्मीन म्हणाली. अब्दुलभाई बशीतला समोसा नुसता फिरवत बसले.

कामोठ्यात पोचतो तर वीज गेलेली. सगळा सेक्टर अंधारात. हीटर बंद, हॉल गार पडत चाललेला, आणि कोमल मोबाइलच्या उजेडात माफी मागतेय. आम्ही तिथे वाट बघत बसलो आणि हात हलवत परत आलो. दुसऱ्या दिवशी वीज होती. त्या दिवशी भाभींनी दिवसभराची तहान एकदम भागवली, रिक्षातच अख्खी बाटली संपवली आणि क्लास सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच सगळं बाहेर काढलं. घरी आणलं तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. जास्मीन रडायला लागली. अब्दुलभाई या सगळ्यात कधी चकार शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, “नूर, बस आता.”

भाभींनी ते ऐकलं. पुन्हा कामोठ्याचं नाव काढलं नाही. रोजा मात्र एकही सोडला नाही. उरलेल्या सगळ्या नमाजा त्या खुर्चीवर पढल्या आणि माझ्याशी बोलताना पावसाबद्दल नाहीतर भाजीबद्दलच बोलल्या. मी मनात शंभर वेळा म्हटलं, एवढी मेहनत, एवढा घाम, आणि नेमका ज्या महिन्यासाठी केला त्याच महिन्यात सगळं पाण्यात. असं कसं चालेल? पण विचारायचं कोणाला?

ईदच्या सकाळी पुरुष माणसं मशिदीत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेले. जास्मीन शीरखुर्म्याचं पातेलं ढवळत होती. भाभी आतल्या खोलीत नमाज पढत होत्या. बराच वेळ झाला म्हणून जास्मीन आत डोकावली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली.

“आंटी, अम्मी उठत नाहीयेत.”

मी धावले. खुर्ची रिकामी, आणि भाभी जमिनीवर. गुडघे मुडपलेले, दोन्ही तळवे आणि कपाळ मुसल्ल्यावर. हालचाल नाही. जास्मीनने “अम्मी, अम्मी” अशी हाक मारली. उत्तर नाही. मला तो क्लासमधला पांढरा चेहरा आठवला. म्हटलं, गेल्या खाली आणि अडकल्या. नाहीतर शुद्ध हरपली. मी एका काखेत हात घातला, जास्मीनने दुसऱ्या, आणि आम्ही दोघींनी जोर लावून त्यांना उचलून पलंगावर बसवलं.

त्यांनी सरकलेला दुपट्टा नीट केला.

“काय केलंत तुम्ही?”

“अडकला होतात ना?” मी धापा टाकत म्हटलं.

“अडकले नव्हते. नमाज खुर्चीवरच पढले मी. नंतर शुक्रान्याचा सजदा करत होते. सगळे रोजे पुरे झाले, त्याच्या आभाराचा.”

“एवढा वेळ?”

“दोन वर्षांचं साचलं होतं.”

“मग हाक मारली तेव्हा ओ द्यायची ना!” माझा आवाज चढला. घाबरले की माझा आवाज चढतो.

“सजद्यात ओ देतं का कोणी?”

जास्मीनने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, “बरं, चुकलं आमचं. आता परत करा. आम्ही दोघी बाहेर जातो, दार लावून घेतो, कोणी हात लावणार नाही.”

भाभींनी पलंगाची कड धरली. उजवा गुडघा वाकवला, डावा वाकवायला गेल्या आणि मधेच थांबल्या. दात आवळून पुन्हा जोर केला. मग हळूच मागे सरकून पलंगावर टेकल्या.

“एकच होता गं,” त्या म्हणाल्या. “पहाटेपासून गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते, तेव्हा कुठे गुडघे एका सजद्यापुरते वाकले होते.”