तारा लावून माइकवर

शेहेचाळिसाव्या वर्षी मी दातांना तारा लावून घेतल्या. हौस म्हणून नाही. खालचे दात एकमेकांवर चढले होते आणि घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. नवरा म्हणाला, "आता कुणाला दाखवायचेत?" मी म्हटलं, "डॉक्टरला."

अडचण वेगळीच निघाली. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणं हे माझं काम, बारा वर्षांचं. पहिल्याच सकाळी "सांगोला, सासवड, स्वारगेट" म्हणताना प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली आणि माइकवर तुषार उडाले. शेजारच्या सहकाऱ्यानं माइकला आपला रुमाल बांधला. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"मॅडम, आठवडाभर बघू. नाही जमलं तर मागं फायलींवर बसा."

मागच्या खोलीला खिडकी नाही, पंखा बंद, आणि बोलायला माणूस नाही. सोलापूरच्या एप्रिलात तिथं बसण्यापेक्षा मी तारा उपटून काढल्या असत्या.

डॉक्टर म्हणाले, "रोज मोठ्यानं वाचा. एकेक शब्द सुटा बोला. मध्ये थुंकी गिळा." मी थांब्यांचीच यादी वाचायला घेतली. सासूबाई समोर मेथी निवडत बसायच्या. "अगं, मंगळवेढ्याला तिसऱ्यांदा चाललीस. जरा जेवायला थांबव की गाडी!"

कामावर घाई करायची सोयच उरली नव्हती. घाई केली की तार गालात रुतायची. म्हणून आधी गावाचं नाव, मग गिळायचं, गाडीचा नंबर, मग गिळायचं, शेवटी फलाट. साहेब दारात हाताची घडी घालून ऐकत उभे.

पाचव्या दिवशी माझ्या टेबलासमोरच्या चौकशीच्या खिडकीशी वेळापूरच्या एक आजी आल्या आणि मलाच म्हणाल्या, "बाई, माइकवरची ही नवी बाई लई चांगली हाय की! पयली नुसती तडतड करायची. गाडी कुटं लागली, काय बी कळायचं न्हाय."

माझ्याइतकं झपाट्यानं या स्थानकावर कुणी बोलत नाही, याचा मला बारा वर्षं अभिमान होता.

"पयली कुटं गेली मग?"

"बदली झाली तिची," मागून साहेबांनीच सांगून टाकलं.

फायलींचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी साहेबांनी एवढंच विचारलं, "तारा किती दिवस आहेत, मॅडम?"

"दीड वर्ष."

"डॉक्टरांना विचारून बघा, मुदत वाढवून मिळते का."