बाईंचा सावकाश बॉल

"माह्या तोंडाकडे काऊन पाहून राह्यली? बॉल का तोंडातून येनार हाय?"

हिंगणघाटच्या आमच्या शाळेत बेसबॉल खेळलेल्या प्रत्येक मुलीने बाईंकडून हे ऐकलेलं आहे. आता तोंडाकडे पाहू नये तर काय करावं, तुम्हीच सांगा! बाई डोळे वटारायच्या, दातओठ खायच्या, हात असा गरकन फिरवायच्या की वाटावं, आज डोकं फुटतं. आणि बॉल यायचा जेवून शतपावलीला निघाल्यासारखा. तोवर आपली बॅट केव्हाच फिरून गेलेली.

त्यात आम्ही सगळ्या गल्लीत भावांसोबत क्रिकेट खेळून आलेल्या, टप्प्याची वाट पाहणाऱ्या. इथे टप्पाच नाही. हळू बॉल अगदी जवळ येऊन खाली बसतो. बाईंनी पंधरा दिवस आम्हाला बॅट फिरवूच दिली नाही. नुसतं उभं राहायचं, बॉल टाकणाऱ्या हाताकडे पाहायचं, पुढचा पाय टेकवायचा. "पाय जाऊ दे, हात मांगंच राहू दे," एवढंच दिवसभर. मी घरी जाऊन आईजवळ बाईंना शिव्या घालायची.

मग संस्थेच्या सचिवांच्या मनात आलं की आमचं मैदान क्रिकेटच्या अकादमीला द्यावं. पोरींचा हा खेळ पाहतं कोण, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी पांढराशुभ्र पायजमा-झब्बा घालून ते मैदान बघायला आले. स्वारी खुशीत होती. बॅट उचलून म्हणाले, टाका बाई, मजा आली तर मैदानाचं पाहू.

मुख्याध्यापक धावत बाईंजवळ गेले. एक सोपा टाका, साहेबांना मारू द्या, मैदान वाचेल, असं ते कुजबुजले. पण ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मी तर मनात देवाला हात जोडले.

बाई म्हणाल्या, "सर, ह्या पोरी पाहून राह्यल्या."

आणि त्यांनी डोळे वटारले. पहिल्या बॉलला साहेबांची बॅट आधी फिरली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला साहेब स्वतःच गोल फिरले आणि मातीत बसले. कोणीतरी खुदकन हसलं. ती मीच.

आठवड्याभरात मैदान गेलं. बाईंची बदली झाली पुलगावकडच्या एका खेड्यातल्या शाखेत. मी रागाने फणफणत त्यांच्या घरी गेले. एक बॉल सोपा टाकला असता तर काय बिघडलं असतं, असं तोंडावर विचारलं. बाई सामान बांधत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मंग दुसऱ्या दिवशी तुमाले काय शिकवलं असतं मी?"

मला रडू कोसळलं. बाईंनी मला खाली बसवलं आणि दोरीचं एक टोक हातात दिलं. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, चाल, घरी जा.

त्या सोमवारी गेल्या. मंगळवारी मैदानाच्या फाटकाला नवं कुलूप दिसलं. आम्ही नऊजणी तिथून सरळ कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत गेलो आणि चपलांनी रेषा आखल्या. बॉल कोण टाकणार म्हटल्यावर सगळ्या एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. मग मी टाकला. समोरच्या पोरीची बॅट आधीच फिरली आणि ती माझ्यावर भडकली.

दुसरा मी त्याहून सावकाश टाकला.