बिनआवाजाची पेटी

सकाळी साखरेच्या डब्यात स्क्रू सापडला, तो बायकोने चहाच्या बशीत काढून नवऱ्यापुढे ठेवला.

"घ्या. गोड झालाय."

जेवणाच्या टेबलाचा डावा अर्धा भाग तिचा, उजवा नवऱ्याचा, म्हणजे मास्तरांचा, असा वीस वर्षांपूर्वी तह झाला होता आणि तो रोज मोडत होता. मास्तरांच्या भागात अंड्यांच्या पुठ्ठ्यात मापाप्रमाणे लावलेले स्क्रू, चिमटे, ब्रश आणि मध्यभागी कॉम्प्युटरची ॲल्युमिनियमची अर्धवट उघडी पेटी. त्यांनी स्क्रू शर्टाला पुसून पुठ्ठ्यात टाकला. तेवढ्यात दारावर थापा बसल्या, एकामागोमाग तीन-चार.

"अहो, केव्हाची बेल वाजतेय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझे हात पिठाचे आहेत."

"बेल कुठे वाजली?" म्हणत मास्तर उठले.

दारात गाण्याच्या बाई उभ्या होत्या. पोटाशी पेटी धरलेली, शालीत गुंडाळून.

मास्तरांना सगळे डबीमास्तर म्हणत, कारण टेबलाएवढा कॉम्प्युटर ते डबीएवढा करून देत. चौदाव्या वर्षी रेडिओच्या दुकानात लागले, पुढे बावीस वर्षं लाउडस्पीकरच्या कारखान्यात तपासनीस होते. बंद खोलीत बसायचं, प्रत्येक कर्ण्यातून बारीक ते जाड सूर सोडायचा आणि कुठे खरखरतो ते सांगायचं. मीटर नंतर आले. आधी मास्तरांचा कान. कारखाना बंद पडला तेव्हा मीटर विकले गेले आणि कान घेऊन मास्तर घरी आले. त्या कानावरच त्यांनी हा उद्योग उभारला. गाणारे-वाजवणारे लोक येत: खांद्याला अडकवून नेता येईल असं यंत्र हवं, आणि रेकॉर्डिंग करताना त्याचा आवाज माइकमध्ये जाता कामा नये. मास्तर पेटी बांधून झाली की ती कपाटातल्या गाद्यांमध्ये खुपसत, लाकडी पळीचं टोक पेटीला आणि दांडा कानाला लावून पंधरा मिनिटं बसत. कपाटात डोकं घालून बसलेले मास्तर पाहून नवीन आलेल्या कामवाल्या बाईने एकदा विचारलं होतं, "साहेबांना बरं नाही का?"

गाण्याच्या बाई पाच महिन्यांपूर्वी आल्या तेव्हा त्यांची मागणी जरा तिरपागडी होती. शाळेत गाणं शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या. म्हणाल्या, "काका, बाबा अंथरुणाला आहेत. अजून गातात. ते मला धरून ठेवायचंय. आणि हसू नका, पण रात्रभर त्यांच्या उशाशी बसायचं तर मला मोटारींच्या शर्यतीचा खेळ लागतो. तोही सुसाट चालला पाहिजे."

मास्तर हसले नव्हते. खेळाला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. ते तापतं, त्याला पंखा लागतो, पंखा बोलतो. गाण्याला शांतता लागते. साप-मुंगसाला एका डबीत नांदवायचं काम. त्यांनी महिनाभर खपून ते केलं. पेटी देताना म्हणाले, "ही श्वाससुद्धा घेत नाही, ताई. निर्धास्त राहा."

आता त्या ताई शाल न सोडता खुर्चीवर बसल्या.

"बाबा गेले काका. तीन आठवडे झाले."

मास्तरांची बायको पीठभरल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"छत्तीस गाणी झाली होती. आवाज थकला होता, पण सूर जागेवर होता. बाबांकडून मी माझ्या घरी येऊन ऐकायला बसले तर सगळ्यांत एक शिट्टी आहे. बारीक, सुईसारखी. माझ्या भाचीने तर कान झाकून घेतले."

"वायरीची असेल," मास्तर लगेच म्हणाले. "किंवा माइकची. माझ्या पेटीची नाही."

"रेकॉर्डिंग करताना मला ऐकू यायची ती. पण उशाशी ऑक्सिजनचं यंत्र होतं, वाटलं त्याचीच. तुम्ही सांगितलं होतं ना, पेटी श्वासही घेत नाही. मग पेटीवर संशय कसा घेऊ?" त्या थांबल्या. "यंत्र परत गेलं. पेटी लावली. शिट्टी आहेच."

मास्तरांनी पेटी सुरू केली, हेडफोन चढवला. म्हातारा गात होता. कापरा गळा, दोन ओळींमध्ये श्वास, मागे ऑक्सिजनची घरघर, चादरीची सळसळ. इतकं स्वच्छ की अंगावर काटा यावा.

"कुठे आहे?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ही काय, चाललीच आहे. आत्ता पेटीतूनही येतेय."

मास्तरांनी हेडफोन काढला, पेटीवर वाकले, मग पळी आणून कानाला लावली. काही नाही. त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, जरा ऐक."

तिने हात पुसले, पण हेडफोन घेतला नाही. "येतेय," ती म्हणाली.

"तू ऐकलंस कुठे अजून?"

"इथूनच येतेय."

 टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवलेल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर मास्तरांनी कारखान्यातली जुनी चाचणी लावली. सूर खालून वर चढत जातो. ऐकू येईल तोवर बोट वर ठेवायचं. तिघांनी बोटं वर केली. सूर चढला, बारीक झाला, धाग्यासारखा झाला आणि संपला. मास्तरांनी बोट खाली घेतलं. पडद्यावरचा आकडा चढतच होता. दोघी बायका बोट वर करून बसल्या होत्या आणि आता एकमेकींकडे पाहायचं टाळत होत्या. आपलं बोट खाली आलं तिथला आकडा मास्तरांनी वाचला. कारखान्यात एवढंच ऐकणाऱ्याला ते तपासणीच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत.

मग दोघींच्या कानांच्या आधाराने दोष सापडायला पाच मिनिटं लागली. खेळ सुसाट चालावा म्हणून त्यांनी ग्राफिक्स कार्डाच्या वेगाचा लगाम काढून टाकला होता. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असतानाही ते कार्ड पडद्यावरची आवाजाची साधी रेघ सेकंदाला हजारदा नव्याने काढत राहायचं, आणि त्या फुकटच्या धावपळीत त्यातली तारेची वेटोळी थरथरून शिट्टी घालायची. उपाय एका टिचकीचा. त्यांनी लगाम घातला.

"थांबली," बायको हळूच म्हणाली.

मास्तरांना खोली जशी होती तशीच वाटली.

"रेकॉर्डिंगमधली निघेल का?" बाईंनी विचारलं. "एकाकडे नेलं होतं. त्याने काढली, पण बाबा तोंडावर उशी धरून गातायत असं वाटतं. ऑक्सिजनची घरघर राहू दे, ती मला चालते. ती बाबांचीच वाटते. फक्त शिट्टी."

मास्तरांनी पुन्हा हेडफोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. शिट्टी गेली की नाही, हे ते कशावर ठरवणार होते? जे ऐकूच येत नाही ते किती कापायचं, आणि कापताना म्हाताऱ्याचा गळा किती कापला गेला?

"माझ्याच्याने नाही होणार, ताई."

बाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," एवढंच म्हणून त्यांनी पेटी पुन्हा शालीत गुंडाळली आणि गेल्या.

दार लागलं. बायको टेबलाच्या तिच्या बाजूला बसली.

"तुला केव्हापासून ऐकू येत होतं?"

"दोनेक वर्षं. तुम्ही पेट्या तपासायला लागलात की मी गॅलरीत जायचे ना."

"मला वाटायचं, मी तपासायला लावतो त्या खेळातल्या गोळीबाराला कंटाळतेस."

"गोळीबार परवडला." तिने टेबलावरचं पीठ बोटाने गोळा केलं. "मला काय कळतं त्यातलं? वाटलं, तुमच्या कानाखालून गेलंय, म्हणजे चालत असेल. कान तुमचा. मी कोण बोलणारी?"

"सगळ्याच पेट्यांत होती?"

"खेळवाल्या सगळ्या."

मास्तरांनी मनातल्या मनात माणसं आठवली. आजीच्या गोष्टी रेकॉर्ड करणारी नर्स. सतारवाला आणि त्याचा मुलगा. आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचणारे निवृत्त हेडमास्तर. हाताची बोटं दोनदा मोजून झाली. दहा. प्रत्येकाला हेच सांगितलं होतं, श्वाससुद्धा घेत नाही. त्यांतल्या कितीजणांनी शिट्टी ऐकली असेल आणि दुसऱ्याच कशाला दोष देऊन गप्प बसले असतील?

"हे कान परत येतात का हो?" बायकोने विचारलं.

"नाही."

त्यांनी टेबलावरची अर्धवट पेटी बंद केली. तिचे स्क्रू लावले नाहीत. लाकडी पळी उचलून बायकोच्या बाजूला ठेवली, तिच्या भांड्यांत. मग गिऱ्हाइकांची वही काढली, चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला. पहिल्या नंबरावर बोट ठेवलं.

"अगं," ते म्हणाले, "मला या दहाजणांना फोन करायचेत. तू इथे शेजारी बस. माझ्याच्याने बोलवलं नाही, तर तू सांग त्यांना."