तेरा फुटी काठी आणि हलकं रीळ

मला आजही राग येतो तो 'हलकं' या शब्दाचा. आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, काहीही घ्यायला जा, दुकानदारापासून पाहुण्यांपर्यंत जो तो हेच सांगतो. हलकी चप्पल घ्या, हलकं पांघरूण घ्या, हलकं जेवण द्या. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आमच्या पिंपळीच्या घरात जड वस्तू आम्ही त्यांच्या हाती लागूच दिली नाही. कळशी गेली, पाटी गेली, शेवटी मासे धरायचा गळही गेला. उजव्या हाताची मूठ वळायची, पण हात खांद्याच्या वर जायचा नाही, आणि गळ फेकायचा तर तो वर जायलाच हवा. पळसदेवला धरणाच्या पाण्यावर चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस ओसरीवर बसून टीव्ही बघायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

तोड काढली स्कॉटलंडात नोकरीला असलेल्या माझ्या मेव्हण्यानं. तिकडे दोन्ही हातांनी धरायची लांब काठी वापरतात. एक हात वर, एक खाली, आणि खालचा हात खांद्यापर्यंतसुद्धा न्यावा लागत नाही. सुट्टीवर येताना त्यानं शेजाऱ्याची जुनी काठी आणली, तेरा फुटी, चार तुकड्यांची. गळाला आमिष नाही, पिसांची बांधलेली माशी. तिला वजनच नसतं, तिला लांब नेते ती जाडजूड दोरी. त्या दोरीचं रीळ मात्र काठीबरोबर नव्हतं. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी माती खाल्ली.

महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. रिळात सगळी दोरी मावली पाहिजे, मासा ओढायला लागला की त्याला आवरणारा ब्रेक चांगला हवा, एवढं कळलं. वजनाचा विषय निघाला की मी व्हिडिओ पुढे सरकवायचो. हात आजारी आहे, तर रीळ हलकं, त्यात शिकायचं काय? पुण्याच्या दुकानदारानंही फोनवर तेच सांगितलं आणि त्याच्याकडचं सगळ्यात हलकं रीळ पाठवलं. मेव्हण्यानं एकदा विचारलं होतं, आबांच्या हातात काठी देऊन बघितलीस का? मी त्याच्यावरच खेकसलो. आमच्याकडे थोरांची वस्तू मुलं आपल्या अकलेनं आणतात, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहतात आणि मग त्यांच्या हातात देतात. आधी विचारलं तर मुलाला द्यायचंच नाही असा अर्थ निघतो. रिळालाही हळदकुंकू लागलं.

पळसदेवला गेलो. आबांनी डावा हात वर धरला, उजवा खाली, आणि पाच-सहा वेळा दोरी फेकली. दर वेळी काठीचं टोक पाण्याकडे झुकायचं, डावं मनगट थरथरायचं, दोरीचा गोळा त्यांच्या पायाशीच पडायचा. त्यांनी काठी खाली ठेवली.

"हात न्हाय राह्यला माझा," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. बहीण फोनवर म्हणाली, आता पुरे कर, त्यांना सुखानं बसू दे. शेजारी म्हणाले, वय झालं. मला सगळ्यांचाच राग आला, सगळ्यात जास्त आबांचा. चार माणसांत मी त्यांना तोंडावर म्हणालो की तुम्हाला प्रयत्नच करायचा नाही. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पंधरा दिवसांनी गोठ्यात गेलो तर ती काठी जोडून गव्हाणीला टेकवलेली. रिळाच्या खाली, मुठीला, सुतळीनं ट्रेलरचे दोन गंजके नट करकचून बांधलेले. रिळावरच्या कुंकवात ग्रीस कालवलेलं. आबा शेजारी पोत्यावर बसले होते. माझं डोकं फिरलं. नव्याकोऱ्या वस्तूची वाट लावली म्हणून मी त्यांना वाट्टेल ते बोललो.

माझं होईपर्यंत ते थांबले. मग उठून काठी डाव्या हाताच्या एका बोटावर ठेवली, वरचा हात धरतो तिथंच. तेरा फुटी काठी बोटावर आडवी राहिली. मग त्यांनी मला सुतळी सोडायला लावली. नट सुटले आणि काठीचं टोक धाडकन जमिनीला लागलं.

"उसाची गाडी कधी भरलीस का तू?" ते म्हणाले. "पुढं जड झाली, की जू मानंवर बसतं. मोळ्या मागं सारायच्या आसत्यात. तुमी समद्यांनी मिळून बैलच म्हातारा ठरवला."

कारखान्याला वर्षानुवर्षं ऊस नेलेला हा माणूस. निघण्याआधी जू हातानं उचलून बघायचे आणि मोळ्या मागं सारायला लावायचे, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. आणि रीळ निवडताना मी बघितले ते व्हिडिओ. पळसदेवलाच का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाले, तितं मलाबी हातच गेला आसं वाटलं. आम्ही ते इतक्या वेळा म्हणालो होतो की त्यांनाही पटलं होतं.

या वेळी रिळाची निवड त्यांनी केली. दोरी काठीच्या कड्यांतून ओवली, रिळाच्या जागी पिशवी बांधली आणि काठी बोटावर आडवी राहीपर्यंत तीत वाळू घातली. ती पिशवी मी भाजीच्या काट्यावर तोलली. भरल्या दोरीसकट रिळाचं एवढंच वजन हवं, असं दुकानदाराला कळवलं, तर तो हसला. म्हाताऱ्या माणसाला इतकं जड? त्याला मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ते रीळ लावून पुन्हा पळसदेवला गेलो. पहिलीच दोरी सरळ गेली आणि लांब पाण्यावर अलगद टेकली. दुसरी गेली, तिसरी गेली. मासा काही लागला नाही. अर्ध्या तासानं त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि सवयीनं माझा हात पुढे गेला. म्हणालो, बसा आता, द्या इकडं काठी.

त्यांनी काठी माझ्यापासून दूर केली.

"दमलो की मी सांगंन," ते म्हणाले. "झटका हाताला आलता. तोंडाला न्हाय."